मस्कीचा लीडर घरी करावा की विकत घ्यावा?

प्रश्न : मी सेंट पॉल, मिनेसोटा इथे राहतो. मूळचा दापोलीकडचा, खाडीत जिताडा पकडत वाढलो. दोन हंगामांपासून व्हाइट बेअर लेकवर मस्कीच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोठ्या दातेरी शिकारी माशाच्या, मागे आहे. गेल्या सप्टेंबरात विकतच्या लीडरच्या (मुख्य दोरी आणि आमिष यांच्यामधला, दातांना दाद न देणारा तुकडा) क्रिम्पमधून, म्हणजे दाबून बसवलेल्या धातूच्या नळीतून, दोरीच निसटली आणि मासा होडीजवळून बकटेल हे केसाळ आमिष तोंडात घेऊन गेला. एकेक लीडर १२ ते १५ डॉलरला पडतो, म्हणून घरीच करायचं मनावर घेतलं. साध्या पकडीने दाबून दोन केले, त्यातला एक हाताने ओढल्यावरच सुटला. माझ्याकडे ६० पौंडी फ्लोरोकार्बनचं, म्हणजे तंगुसासारख्या दोरीचं, रीळ पडून आहे. ते गाठ मारून चालेल का? फ्लोरो चांगला की स्टील? लांबी किती ठेवू? घरी करणं खरंच परवडतं का? दोन मित्रही मागे लागलेत की आमच्यासाठीही कर.

उत्तर : ते ६० पौंडी रीळ आधी बाजूला ठेवा. जिताड्याच्या सवयीमुळे तुम्हाला ते पुरेसं वाटतंय. पण जिताड्याच्या तोंडात कापणारे दात नसतात. त्याचं तोंड खरखरीत आणि गालफडाची कड धारदार, त्यामुळे दोरी घासून झिजते आणि जाड तंगूस ती झीज सोसते. मस्कीचं प्रकरण सुरमईच्या जवळचं. खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना उभे सुळे आणि टाळूवर आत वळलेल्या बारीक दातांचे पट्टे. मासा तोंड मिटून डोकं झटकतो तेव्हा दोरी त्या सुळ्यांवर आडवी ओढली जाते. रिळावरची विणलेली मुख्य दोरी, म्हणजे ब्रेडेड लाइन, १०० पौंडी असली तरी तिथे एका झटक्यात जाते. ६० पौंडी फ्लोरो काही मासे निभावेल, आणि मग एक दिवस पाइक या मस्कीच्या जातभाईच्या पिल्लानेही कापली जाईल.

मासा हातचा गेला याचं दुःख वेगळं. पण तोंडात दोन तीनतोंडी गळ अडकलेला मासा जबडा नीट उघडू शकत नाही, आणि त्याचं काय होत असेल ते आपल्याला दिसत नाही. मिनेसोटाच्या आतल्या तळ्यांमध्ये ५४ इंचांहून लहान मस्की ठेवायलाच बंदी आहे, म्हणजे तुमच्या गळाला लागणारा जवळपास प्रत्येक मासा परत पाण्यात जाणार. तो सुटा, मोकळ्या तोंडाने जावा हीच लीडरची खरी जबाबदारी. म्हणून घरी की विकत या प्रश्नाचं आमचं उत्तर असं : क्रिम्प दाबायचं योग्य हत्यार घेणार असाल आणि केलेला प्रत्येक लीडर ताणून बघणार असाल तर जरूर घरी करा, तो दुकानातल्यापेक्षा भरवशाचा होतो. यातलं एक जरी जमणार नसेल तर विकतचाच घ्या. साध्या पकडीने दाबलेला, न ताणलेला घरचा लीडर हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे.

पैशाचं गणित लगेच उरकू. सध्याच्या साधारण भावांनी चांगला बॉल बेअरिंग स्विव्हल (फिरती कडी) दोन-अडीच डॉलर, मजबूत स्नॅप (आमिष अडकवायची उघडझापीची कडी) एक डॉलरच्या आसपास, फ्लोरो दीड डॉलरची, स्लीव्हची, म्हणजे क्रिम्पसाठी दाबायच्या नळीची, जोडी पंचवीस-तीस सेंट. म्हणजे एका लीडरमागे पाच डॉलर धरा. वाचतात सात ते दहा. क्रिम्पचं हत्यार ४० ते ६० डॉलरला येतं, ते सहा ते आठ लीडरमध्ये वसूल होतं. मात्र पहिल्या खेपेला अख्खं रीळ, स्लीव्हचं पाकीट, स्विव्हल, स्नॅप असं सगळं घेताना दीडशे डॉलरच्या आसपास एकदम जातात. वर्षाला चार-पाच दिवसच पाण्यावर जात असाल तर दोन चांगले लीडर विकत घेणं शहाणपणाचं. तुम्ही जून ते नोव्हेंबर दर शनिवार-रविवारी जात असाल, तर हंगामात आठ-दहा लीडर सहज खर्ची पडतात, किंबहुना पडायला हवेत. लीडर महाग म्हणून ओरखडलेला लीडर आणखी एक दिवस चालवायचा, हा मोह घरी केल्याने सुटतो. आमच्या मते घरच्या कामाचा हा सगळ्यांत मोठा फायदा आहे.

आता सामान. आमिष फेकून मासेमारी करायची तर १३० पौंडी फ्लोरोकार्बन लीडर मटेरियल घ्या. १०० ही खालची मर्यादा समजा, ८० च्या वाटेला जाऊ नका. फ्लोरो पाण्यात कमी दिसते म्हणून ती घ्यावी असं नेहमी सांगितलं जातं. मस्कीच्या बाबतीत हे कारण दुय्यम आहे. ती इतकी जाड असते की दात लगेच आरपार जात नाही, तिला वायरसारखी गाठाळ मोड येत नाही, आणि ताठ असल्यामुळे फेकताना आमिषाचे गळ मागच्या लाइनमध्ये अडकत नाहीत, ही खरी कारणं. पौंडाच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. १३० पौंडी फ्लोरोची जाडी साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते, पण कंपनीनुसार ती बदलते, आणि स्लीव्ह जाडीवर बसते, पौंडावर नाही. वीस डॉलरचा डिजिटल वर्निअर कॅलिपर घ्या, दोरी मोजा आणि मग स्लीव्ह मागवा.

तुमच्या गाठीच्या प्रश्नाचं उत्तरही जाडीतच आहे. १३० पौंडी फ्लोरो गाठीत पूर्ण बसत नाही. पाणी लावून, पकडीने ओढून ती बसल्यासारखी दिसते, पण आतले वेढे एकमेकांवर चपखल दाबले गेलेले नसतात. डोकं झटकलं की ते एकेक करून सरकतात. शिवाय गाठ जाडजूड होते आणि व्हाइट बेअरसारख्या पाणवनस्पतींच्या तळ्यात तिच्यावर शेवाळ-गवताचे झुपके धरतात. त्यामुळे लीडरच्या दोन्ही टोकांना क्रिम्पच. गाठ फक्त एका जागी, ८० किंवा १०० पौंडी ब्रेडेड लाइन आणि स्विव्हल यांच्यामध्ये, आणि तिथे पालोमार गाठ उत्तम. ती मात्र दर वेळी पाण्यावर जाण्याआधी नव्याने बांधा.

स्लीव्ह दोन प्रकारच्या असतात. एक साधी गोल नळी, आणि दुसरी दोन नळ्या शेजारी जोडल्यासारखी, आठच्या आकड्याच्या किंवा लांबट गोलाच्या तोंडाची. फ्लोरोला नेहमी दुसरी, म्हणजे दुहेरी नळीची. गोल नळीत जाड फ्लोरोच्या दोन दोऱ्या एकमेकींवर चढतात, दाब सारखा बसत नाही आणि दोरी चेपटी होते. गोल नळी वायरसाठी ठीक. दुहेरी नळी तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची चालते. गोड्या पाण्यात ॲल्युमिनियम गंजण्याची भीती नाही, आणि ते मऊ असल्यामुळे फ्लोरोवर दाब सारखा बसतो. लांबी दहा मिलिमीटरच्या आसपास असावी, त्याहून आखूड स्लीव्ह फ्लोरोला पकड देत नाही. आकार बरोबर आहे की नाही हे बोटांना कळतं : दोरी नळीतून जाताना किंचित घासली पाहिजे. सळसळत गेली तर स्लीव्ह मोठी आहे, आणि कितीही दाबलीत तरी ती सुटणार.

हत्यार घेताना जबड्याकडे बघा. दुहेरी नळीसाठी दोन्ही जबड्यांत समोरासमोर खोलगट वाटी असलेली पक्कड लागते. एका जबड्यात टोक आणि दुसऱ्यात वाटी असलेली पक्कड गोल नळी आणि वायरसाठी आहे, तिने फ्लोरो दाबलीत तर ते टोक दोरीत खड्डा पाडतं. घरातल्या साध्या पकडीचे दाते तर स्लीव्ह तिरपी चेपतात. एका बाजूला दोरी मोकळी राहते आणि दुसऱ्या बाजूला चिरडते. तुम्ही केलेला लीडर हातानेच सुटला त्याचं कारण बहुधा हेच. लांब दांड्यांची पक्कड घ्या, दहा-बारा क्रिम्प झाल्यावर मनगट दमतं आणि दमलेल्या हाताचा दाब अपुरा पडतो.

आता करायला बसा, पण आधी डोळ्यांवर संरक्षक चष्मा. हा चष्मा शेवटपर्यंत काढायचा नाही. तयार लीडर १६ इंचांचा हवा असेल तर दोरी २४ इंच कापा, प्रत्येक टोकाला चारेक इंच जादा लागते. हे माप धरलं तर २५ यार्डांच्या रिळातून ३७ तुकडे निघतात. कापताना टोक तिरकं करा, म्हणजे स्लीव्हमध्ये ओवायला सोपं जातं.

टोक स्लीव्हच्या एका नळीतून घाला, स्विव्हलच्या कडीतून न्या आणि वळवून दुसऱ्या नळीतून परत आणा. दोन दोऱ्या आत समांतर राहिल्या पाहिजेत. लांबट गोल तोंडाच्या स्लीव्हमध्ये त्या एकमेकींना ओलांडून जाऊ शकतात, म्हणून उजेडाकडे धरून आरपार बघा. ओलांडलेली दोरी दाबाखाली स्वतःलाच कापते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग दोरी ओढून फासा लहान करा, स्विव्हलची कडी मोकळी हलेल इतपत, म्हणजे सहा-सात मिलिमीटर. मोठा फासा गवत धरतो, आणि अगदी आवळून घेतलेला फासा कडीवर एकाच जागी घासतो.

आता उरलेलं टोक स्लीव्हच्या बाहेर पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापा आणि लायटरची ज्योत त्याच्या जवळ न्या, लावू नका. टोक वितळून लहान मणी तयार होतो. गार होऊ द्या आणि दोरी मागे ओढून तो मणी स्लीव्हच्या तोंडापासून एखाद मिलिमीटरवर आणा. हा मणी क्रिम्पला बळकटी देत नाही, तो शेवटचा अडसर आहे. ज्योत मुख्य दोरीला लागली, ती जराशी जरी पांढुरकी झाली, तर तो तुकडा टाकून द्या. उष्णतेने दुबळी झालेली फ्लोरो ताणाखाली काचेसारखी तुटते.

दाबण्याची पद्धत इथे सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून सावकाश वाचा. स्लीव्ह जबड्यात उभी धरायची, म्हणजे तिची एक नळी वरच्या वाटीत आणि दुसरी खालच्या वाटीत बसली पाहिजे. आडवी ठेवलीत तर दोन्ही नळ्या नुसत्या चपट्या होतात आणि मधली जोडणी फाटते. पहिला दाब बरोबर मध्यावर, ठाम आणि एकदाच. मग त्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक दाब, पहिल्या दाबाला लागून. दोन्ही टोकांचा सुमारे एक मिलिमीटर भाग मात्र तसाच सोडा. स्लीव्हची तोंडं सनईच्या तोंडासारखी किंचित उमललेली दिसली पाहिजेत. घरगुती लीडर तुटतात ते बहुतेक इथेच : टोकाची कड दाबली गेली की ती फ्लोरोत धारेसारखी रुतते आणि पुढे प्रत्येक झटक्याला थोडी थोडी कापत जाते. एकाच जागी दोनदा दाबू नका. पहिला दाब कमी पडला असं वाटलं तर पुन्हा दाबून डागडुजी करू नका, क्रिम्प कापून टाका आणि नवीन स्लीव्ह घ्या. तीस सेंटचाच प्रश्न आहे.

दुसऱ्या टोकाला स्नॅप, कृती तीच. वरच्या बाजूला बॉल बेअरिंग स्विव्हल आणि खाली थेट स्नॅप, एवढंच. स्विव्हल आणि स्नॅप दोन्ही १५० पौंडांच्या आसपासच्या क्षमतेचे घ्या. नंबर बघून घेऊ नका, कारण एका कंपनीचा ५ नंबर दुसऱ्या कंपनीच्या ५ शी जुळेलच असं नाही. पाकिटावरचा पौंडाचा आकडा बघा. स्नॅप स्टे-लॉक पद्धतीचा, तारेचं टोक मागच्या तारेवर वळून अडकणारा हवा. बारीक तारेचा साधा स्नॅप मासा होडीजवळ गिरक्या घेऊ लागला की पिळला जाऊन उघडतो, आणि उघडल्याचं आमिष नाहीसं झाल्यावरच कळतं. स्नॅपऐवजी स्प्लिट रिंग लावावीशी वाटली तर फ्लोरोचा फासा थेट तिच्यात ओवू नका. रिंगच्या दोन पदरांमधली कड दोरीला चीर पाडते. मध्ये एक अखंड कडी घाला.

क्रिम्पवर रंगीत हीट-श्रिंक नळी चढवायची पद्धत आहे, दिसायलाही ती देखणी लागते. फ्लोरोच्या लीडरवर मात्र आम्ही ती लावू देणार नाही. ती आकसवायला उष्णता द्यावी लागते, आणि नंतर तिच्याखाली दोरी सरकू लागली तरी दिसत नाही. क्रिम्प उघडाच बरा.

आता ताणून बघणं. भारतात जाण्याआधी बॅगा तोलायचा हातकाटा तुमच्या घरात असणारच, ५० किलोपर्यंतचा. तोच वापरा. आधी दोन्ही स्लीव्हच्या आतल्या तोंडाशी, जिथे मुख्य दोरी बाहेर येते तिथे, बारीक मार्करने दोरीवर खूण करा. स्विव्हल भिंतीतल्या किंवा टेबलाच्या भक्कम हुकात अडकवा, स्नॅपमध्ये काट्याचा हुक, आणि सावकाश २० ते २५ किलोपर्यंत ओढून दहा सेकंद धरा. चेहरा दोरीच्या रेषेत ठेवू नका, हातात जाड हातमोजे घाला. सोडल्यावर खूण बघा. ती स्लीव्हपासून एक मिलिमीटर जरी दूर गेली असेल तर दोरी सरकली आहे, तो लीडर बाद. २० किलोच का? कारण हातात धरलेल्या नऊ फुटी रॉडने दहा किलोचा ताण द्यायचा म्हटलं तरी माणसाची दमछाक होते. झटक्याचा वाटा धरला तरी दुप्पट पुरेसा आहे. पूर्ण १३० पौंडांपर्यंत ताणायची गरज नाही, त्याने चांगला लीडरही आतून दुखावतो.

पहिले पाच-सहा क्रिम्प निव्वळ सरावाचे समजा आणि त्यातला एखादा कटरने उभा चिरून आत बघा. दोरीवर दाबाचे गुळगुळीत, उथळ ठसे दिसले तर तुमचा हात बसला. दोरी चपटी होऊन कडांना पांढरी पडली असेल तर दाब जास्त, आणि ठसे जेमतेमच दिसत असतील तर दाब कमी किंवा स्लीव्ह मोठी. तुमचा तो सुटलेला विकतचा लीडर अजून घरात असेल तर तोही चिरून बघा. पुढे दुकानात लीडर निवडताना काय बघायचं हे त्यातून कळेल : स्लीव्हची तोंडं उमललेली आहेत का, दाब मध्यभागी आहेत का, टोक स्लीव्हच्या बाहेर दिसतंय का की आतच संपलंय. टोक आतच संपलेला लीडर कितीही नावाजलेला असो, परत ठेवून द्या. आणि विकतचा लीडरही घरी आणून काट्यावर ताणा.

स्टीलचं काय, तर आमिषाप्रमाणे ठरवा. बकटेल, मोठे रबरी आमिष, क्रँकबेट यांना फ्लोरो. ग्लायडर आणि जर्कबेट या झटके देत ओढायच्या आमिषांना मात्र एकपदरी स्टीलची वायर चांगली, १० ते १२ इंचांची. ही आमिषं झटका थांबला की डावी-उजवीकडे वळून मागे बघतात आणि मऊ लीडर असेल तर पुढच्या गळात तो गुंततो. ताठ वायर दूर राहते. एकपदरी वायरला क्रिम्प लागत नाही, तिचा पीळ देतात. १० नंबरची वायर हाताला आटोपते. फासा करून दोन्ही तारा एकमेकींना सारख्या कोनात धरून पाच पीळ द्या. एक तार सरळ राहिली आणि दुसरी तिच्याभोवती गुंडाळली गेली तर तो पीळ नव्हे, ती सरकणार. मग मोकळी तार काटकोनात वळवून मुख्य तारेभोवती चार-पाच वेढे घट्ट लावा, आणि शेवटचं टोक हँडलसारखं वाकवून फिरवत फिरवत मोडा. पकडीने कापलंत तर अणकुचीदार टोक उरतं, आणि मासा सोडवताना ते तुमच्या तळहातात जातं. एकपदरी वायरला एकदा जरी मोड आली तरी ती सरळ करून पुन्हा वापरू नका. सात पदरी वायरही एका मोठ्या माशानंतर वळवळीत होते, तीही टाका. प्लास्टिकचं आवरण असलेल्या वायरपासून दूर राहा : आवरणाला छेद गेला की पाणी आत अडकून वायर आतल्या आत गंजते आणि वरून चकचकीत दिसत राहते. टायटॅनियमच्या वायरला मोड येत नाही, पण ती महाग आहे, आणि तिची जोडणी घरी जमायला वेळ लागतो. हवीच असेल तर तेवढी विकत घ्या.

लांबीबद्दल : फेकण्यासाठी फ्लोरोचा लीडर १४ ते १८ इंच. त्याहून आखूड असला तर मासा गिरकी घेऊन अंगाभोवती दोरी गुंडाळतो आणि कल्ल्याच्या कडेला ब्रेडेड लाइन लागते. त्याहून लांब असला तर होडीशी आमिष पाण्यात आठच्या आकड्यासारखं फिरवताना स्विव्हल रॉडच्या टोकाच्या गाइडमध्ये शिरतो. तिथली सिरॅमिकची कडी एकदा टवकली की पुढे प्रत्येक फेकीत ब्रेडेड लाइन चिरत जाते, आणि दोष लीडरच्या माथी येतो. स्विव्हलच्या वर हातभर ब्रेडेड लाइनवर गडद मार्करने पट्टा ओढून ठेवा. ऑक्टोबरच्या संध्याकाळी अंधार पडताना स्विव्हल रॉडच्या टोकाशी येतोय हे त्या पट्ट्यावरून कळतं.

पुढे मिनेसोटातल्याच मिल लॅक्स तळ्यावर जाऊन होडीमागे आमिष ओढायचा विचार असेल तर तिथे वेगळा लीडर लागतो, तीन ते पाच फुटांचा, १५० ते २०० पौंडी फ्लोरो किंवा ४९ पदरी वायर. तिथे आमिष खडकांवर घासतं आणि मासा होडीच्या वेगाविरुद्ध लागतो, म्हणून झीज आणि झटका दोन्ही जास्त. स्लीव्ह अर्थातच नव्या जाडीप्रमाणे वेगळी घ्यावी लागेल. १३० च्या उरलेल्या स्लीव्हमध्ये २०० ची दोरी कोंबून बसवू नका.

वापरताना दर माशानंतर, आणि मासा न लागताही तासा-दोन तासांनी, लीडर अंगठ्याच्या नखाखालून ओढून बघा. नुसती खरखर लागली, दोरी धुरकट दिसली, तर चालेल. नख कुठे अडकलं तर तिथे छेद आहे, लगेच बदला. जूनमध्ये लहान पाइक फार लागतात आणि लीडरची सालपटं काढतात ती तेच. होडीत तयार लीडर चार तरी हवेत, हाताएवढ्या वेटोळ्यात, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. पिशवीवर लांबी, पौंड आणि केल्याचा महिना लिहा. गेल्या हंगामातला लीडर चांगला दिसला तरी त्याचा स्विव्हल बोटांत फिरवून बघा. वाळू घासल्यासारखा आवाज आला तर बेअरिंग गेलं आहे, आणि बकटेलचा पीळ लाइनमध्ये चढेल.

मित्रांसाठी करायला हरकत नाही. पण देताना लीडर त्यांच्या समोर काट्यावर ताणा, नख कसं फिरवायचं ते त्यांच्या हातून करून घ्या, आणि त्यांना एकदम तीन-तीन द्या. एकच दिलात तर तो ओरखडला तरी ते वापरत राहतील. सोबत बारा इंची लांब तोंडाची पक्कड आणि गळ कापायचं कटर त्यांच्या होडीत आहे का तेही विचारा. लीडर टिकला तरच मासा होडीपाशी येतो, आणि तिथे गळ काढायला ही दोन हत्यारं हाताशी लागतात.